यादीतलं एक नाव

हैदराबाद, बडी चावडी
१२ जुलै १९९९

चि. हेमंत,

आधी आशीर्वाद घे, मग पाणी पी, मग पुढे वाच. बोलते तुझी आजी सुशीलाबाई, लिहिते तुझी बायको माधवी. मला अक्षर येत नाही म्हणून ही सोय. मी सांगेन ते जसंच्या तसं उतरवायचं, मधे आपलं शहाणपण घालायचं नाही, असं तिला बजावलं आहे. खात्री करायला पहिलं वाक्य मुद्दाम असं सांगते: माधवीचं अक्षर फार देखणं आहे, तेवढ्यावर समाधान मान, भाजीचं विचारू नकोस. लिहिलंस का गं? लिहिलं म्हणते.

तुला जाऊन चौदा महिने झाले. जाताना तू घरात तीन वस्तू ठेवून गेलास. मी, ही आणि तो कॉम्प्युटर. तुझे वडील गेल्यापासून या घरात पुरुषमाणूस म्हणून तो कॉम्प्युटरच. तोही आता रुसला आहे.

झालं असं. सिकंदराबादच्या एका कंपनीची जाहिरात हिने पेपरात पाहिली. घरच्या मशीनवर एक काम करून दाखवायचं, दवाखान्यातल्या पेशंटांची नोंदवही कॉम्प्युटरात बसवायची, आणि पंधरा डिसेंबरच्या आत फ्लॉपीवर नेऊन द्यायची. पसंत पडली तर नोकरी, आणि वर्षभराने परदेशी पाठवतात म्हणे. परभणीची बी.एस्सी. पोरगी, तिला वाटतं जमेल. मला वाटतं डाळीत मीठ किती घालायचं ते जमलं तरी पुष्कळ. तेही लिही.

त्या कामाला डेटाबेसचं एक पॅकेज लागतं. तू दिलेल्या लिनक्सच्या सीडीवरून ते बसवायला गेली, तर मशीन म्हणालं, याच्या आधी अमुक पाहिजे. अमुक बसवायला गेली, तर ते म्हणालं, तमुक आल्याशिवाय मी बसणार नाही. तासभर मला समजावत होती. मला समजलं ते असं, की हा आपल्याकडच्या लग्नातला मानपान आहे. आत्याबाई आल्याशिवाय मामा पानावर बसणार नाहीत, मामा बसल्याशिवाय व्याही हात धुणार नाहीत, आणि एक जण राहिला की सगळी पंगत ताटकळत. ती म्हणाली, अगदी बरोबर, आजी. एवढं सोपं असेल तर तुला अमेरिकेला कशाला जावं लागलं, कळत नाही.

वर हिने सेटिंगच्या कुठल्याशा फाइलमधली एक ओळ बदलली आणि पडदाच काळा पडला. नुसती पांढरी अक्षरं येतात. मशीन जे जे मागतं त्याची नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातली आहेत. सगळे ठिपके, रेघा नि आकडे. खालच्या नामदेवरावांच्या फोनवर तू महिन्यातून तीन मिनिटं बोलतोस, त्यात ती मावायची नाहीत. मी म्हटलं, कोठीच्या बाजारातल्या सीडीवाल्याला विचार. तर नको म्हणते, मशीन ह्यांचं आहे, ह्यांनाच विचारू. तुला सांगते हेमंत, ही यादीची वाट बघत नाही, तुझ्या पत्राची बघते. हे वाक्य लिहायला तिने फार वेळ लावला.

तिच्या व्हिसाच्या कागदांचं कुठवर आलं तेही कळव.

तुझी आजी
हस्ताक्षर माधवीचे


एडिसन, न्यू जर्सी
२८ जुलै १९९९

ती. आजीस नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटाच हसत बसलो. मानपानाचा दाखला इथल्या लोकांना सांगावासा वाटला, पण आत्याबाई इंग्रजीत कशा न्यायच्या?

माधवी, हे वाचून दाखवताना तुझ्यासाठीही आहे म्हणून नीट बघ. पडदा काळा झालाय तो मॉनिटरच्या ओळीमुळे. ती फाइल उघड, तू बदललेल्या ओळीच्या सुरुवातीला चार काड्यांची ती जाळीची खूण टाक. खूण टाकलेली ओळ मशीन वाचतच नाही. तिच्याखाली मी वेगळ्या कागदावर दिलेली ओळ घाल. त्याच कागदावर पाच पॅकेजेस आहेत, क्रमाने. क्रम मोडू नकोस आणि काही अडलं तर जबरदस्तीने बसवू नकोस. आवृत्तीचे आकडे जुळलेच पाहिजेत.

कोठीतल्या मुलांना मशीनला हात लावू देऊ नकोस. अनेक प्रोग्राम मिळून ज्या फाइली वापरतात त्यांना लायब्ररी म्हणतात; जुन्या लायब्ररीच्या जागी त्यांनी नवी टाकली, तर जुनीवर उभे असलेले दहा प्रोग्राम कोसळतील आणि मला इथून काही करता येणार नाही. अडेल ते मला लिही.

कागद वकिलाकडे आहेत. वेळ लागतो इथे.

तुझा
हेमंत


हैदराबाद
१४ ऑगस्ट १९९९

हेमंत,

अक्षर बदललेलं बघून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. हे खालचे नामदेवराव लिहीत आहेत. पोस्टात तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळली, पण त्यातल्या एकाचंही काही बोलले नाहीत, म्हणून यांना निवडलं. माधवी भाजीला गेली आहे. उत्तर नामदेवरावांच्या नावाने पाठव, वर माझं नाव घालू नकोस.

तुझ्या कागदाने पडदा उजळला. त्या खुणेचं मला फार कौतुक वाटलं. ओळ असते पण मशीन तिच्याकडे बघतच नाही. अशी खूण लग्नाआधी मिळाली असती तर माझा संसार सुखाचा झाला असता. पाचांतली चार पॅकेजेस बसली. पाचवं अडलं, ते आणखी एक फाइल मागतं, आणि ती फाइल कुठल्या पॅकेजात राहते ते मशीन सांगत नाही. तिने तुला आजच वेगळं पत्र टाकलं आहे. त्याचं उत्तर लिहायच्या आधी माझं ऐक.

पोरगी हुशार निघाली रे. मी चिडवते, पण तिला बघते. जेवण झाल्यावर ती त्या पडद्यासमोर बसते तेव्हा मी हाक मारली तरी ऐकू येत नाही. हिला नोकरी लागणार. मग सकाळी सातला बस, रात्री आठला घरी, आणि वर्षाने विमान. माझ्या डोळ्यांत थेंब कोण घालणार? न्हाणीत पाय घसरला तर कोणाला हाक मारू, त्या कॉम्प्युटरला?

म्हणून सांगते ते कर. नाही म्हणायचं नाही, तिला दुखवायचं नाही. यादी पाठव, पण दर वेळी यादीतलं एक नाव ठेवून घे. एक मामा कमी. पंगत बसणार नाही आणि कोणाच्या ध्यानातही यायचं नाही. तिचं पत्र बारा दिवस, तुझं बारा दिवस. एक नाव म्हणजे एक महिना. चार नावांत डिसेंबर उलटतो.

नामदेवराव माझ्याकडे बघत आहेत. मी म्हटलं, तुम्ही लिहा, बघू नका.

तुझी आजी
हस्ताक्षर नामदेवरावांचे


एडिसन
१ सप्टेंबर १९९९

श्री. नामदेवराव यांस नमस्कार. कृपया हे आजी एकटी असताना तिला वाचून दाखवावे.

आजी, तुझं पत्र वाचून आधी राग आला आणि मग बरं वाटलं. बरं का वाटलं ते आता सांगूनच टाकतो.

माधवीचे कागद कुठल्याही वकिलाकडे नाहीत. मी ते भरलेच नाहीत. इथे माझ्याबरोबर गौरी राहते. पुण्याची आहे, माझ्याच ऑफिसात. मार्चपासून. माधवी वाईट आहे असं नाही. आठ महिने एका घरात राहिलो, पण माणूस म्हणून तिच्याशी कधी बोललोच नव्हतो. आता सांगायचं कसं, या विचारात दिवस जातात.

ती कामाला लागली, परदेशी यायला निघाली, तर एक दिवस माझ्या दारात उभी राहील. त्यापेक्षा तू म्हणतेस ते बरं. यादी पाठवतो. एक नाव ठेवून घेतलं आहे. तिला संशय येणार नाही, या कामात असं होतच असतं.

हेमंत


हैदराबाद
२२ सप्टेंबर १९९९

चि. हेमंत,

बोलते मी, लिहिते माधवी, नेहमीसारखं.

तुझी यादी आली. सहा नावं. त्यातल्या दोघांसाठी दुसरी सीडी लागत होती. बाईसाहेब कोठीला गेल्या, बसमध्ये चप्पल तुटली, अनवाणी आल्या. सीडी मात्र पदरात गुंडाळून, जशी बाळंतीण घरी येते. पाच बसली, सहाव्याने पुन्हा हात वर केले. आणखी एक फाइल पाहिजे. ही पाटावर बसून राहिली, जेवली नाही. मी म्हटलं, अगं, नवरा तिकडे एवढा बुद्धिमान, तोही विसरू शकतो. तर मलाच सांगते, ते विसरले नसतील आजी, माझंच काही चुकलं असेल, मी क्रम मोडला असेन. मग सगळं काढून पहिल्यापासून बसवलं. तीन दिवस लागले. तिथेच येऊन अडलं.

तिच्या चुका तिने चिठ्ठीवर ओळीने लिहिल्या आहेत. एवढ्या नम्रपणे माझ्याशी कधी वागली असती तर मी हिला सोन्याची केली असती.

ती म्हणते, हे पण लिहा आजी, की दिवाळीच्या आत यादी आली तर अजून होईल. मी म्हटलं, तूच लिही, हात तुझाच आहे. तर म्हणे नको, तुमच्या तोंडून गेलं तर ते ऐकतील.

आता माझ्या तोंडून सांगते. लवकर पाठव रे बाबा.

तुझी आजी
हस्ताक्षर माधवीचे


हैदराबाद
२३ सप्टेंबर १९९९

हेमंत,

कालचं पत्र विसर. हे खरं.

तू हलकट निघालास. हा शब्द नामदेवरावांनी न विचारता लिहिला. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुला भरवताना मला वाटायचं, याच्यात काही वाईट शिरायला जागाच नाही. जागा होती.

आता कामाचं बोलू. तुला ती नको आहे, मला हवी आहे. मग भांडण कसलं? तिला आज सांगितलंस तर उद्या ती परभणीच्या गाडीत बसेल, नाहीतर त्या कंपनीच्या दारात. दोन्ही मला परवडत नाही. मी चौऱ्याहत्तरची. चार वर्षं धर, जास्तीत जास्त पाच. तोवर तुझी गौरी तिकडे झाकून ठेव. कागद वकिलाकडे आहेत असं दर पत्रात लिहीत जा, आणि माधवीच्या नावाने दोन ओळी गोड लिही, तेवढ्यावर ती सहा महिने काढते. या वेळी दोन नावं ठेवून घे. दिवाळीच्या तोंडावर धाड. मी गेले की तुझं तू बघ.

नामदेवरावांनी इथे लेखणी खाली ठेवली होती. म्हणाले, "सुशीलाबाई, हे मी लिहू?" मी म्हटलं, मी सांगते ते लिहायचं असं ठरलं होतं, न्यायनिवाड्याचं ठरलं नव्हतं. पुन्हा उचलली. पण चहा तसाच ठेवून गेले.

तुझी आजी
हस्ताक्षर नामदेवरावांचे


एडिसन
२० ऑक्टोबर १९९९

नामदेवराव, पूर्वीप्रमाणेच.

आजी, तुझं म्हणणं मान्य. चार-पाच वर्षं म्हणतेस, तेवढं मी निभावेन. गौरीला समजावलं आहे.

माधवीला आज वेगळी यादी पाठवली. दोन नावं ठेवून घेतली आहेत, आणि सेटिंगच्या फाइलमधल्या एका ओळीपुढे ती खूण टाकायला सांगितली आहे. त्यामुळे डेटाबेस बसला तरी सुरू होणार नाही. ती विचारेपर्यंत डिसेंबर संपेल. शेवटी दोन ओळी गोड लिहिल्या आहेत, तू सांगितल्याप्रमाणे.

हेमंत


हैदराबाद
१८ नोव्हेंबर १९९९

हेमंत,

माधवी लिहिते आहे. आता लिहायला हीच उरली.

तुझं वीस ऑक्टोबरचं पत्र नामदेवरावांनी मला दिलं नाही, हिच्या हातात दिलं. आणि त्याच दिवशी घराला कुलूप लावून मुलीकडे नाशिकला गेले, संक्रांतीनंतर येणार. फोनही कुलुपाच्या आत. जाताना जिन्यात मला दिसले. मी म्हटलं, तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या माणसाला दिलंत. म्हणाले, "बाई, बरोबर माणसाला दिलेलं ते पहिलंच."

हिने ते पत्र मला वाचून दाखवलं. वाचायला सांगितलं नव्हतं. दुपारी भांडी घासून झाली, हात पुसले, समोर बसली आणि वाचलं. तुझ्या सहीपर्यंत. गौरीचं नावही नेहमीच्या आवाजात वाचलं, जसं दूधवाल्याचं बिल वाचते. मग कागदाची घडी घातली आणि विचारलं, "आजी, उत्तर काय लिहू?"

मी म्हटलं, आधी चहा टाक. टाकला.

दुसऱ्या दिवशी ती कोठीला गेली. तो सीडीवाला हिम्मतराव म्हणून आहे, आपल्याच नांदेडकडचा. त्याने काय सांगितलं ऐक. कुठली फाइल कुठल्या पॅकेजात राहते त्याची अख्खी यादी त्या सीडीतच असते. एक ओळ टाईप केली की मशीन स्वतः सांगतं. पहिल्या दिवसापासून ती तिथेच होती. तो हिला म्हणाला, ताई, हे तुम्ही अमेरिकेला कशाला विचारत होतात? एका दुपारीत सगळं बसलं. तुझी ती खूणही तिनेच शोधून पुसली. आता मशीन चालतं आणि ती रात्रंदिवस त्या नोंदवहीत असते. माझ्या डोळ्यांत थेंब अजून घालते, दोन वेळा, न चुकता. बोलत मात्र नाही.

मी गंमत करून बघितली. म्हटलं, आता तुझा कॉम्प्युटर तरी तुझ्याशी बोलतो, माझा नातू नाही बोलला. ती हसली नाही. हे वाक्य पत्रात घालू का, म्हणाली. घाल म्हटलं, घातलं.

मग मी म्हटलं, पोरी, मी तुला हाकलत नव्हते, ठेवून घेत होते. त्यावर म्हणाली, हेही घालते.

नोकरी लागली तर मारेडपल्लीला बायकांच्या हॉस्टेलमध्ये राहणार. नाही लागली तरी तिथेच. खोली बघून आली आहे. म्हणून तुला सांगते, विनवत नाही, सांगते. ये आणि मला घेऊन जा. तुझ्या गौरीला सांग, म्हातारी कमी जेवते. तुला मी वाढवलं आहे, तेवढा हिशोब तुझ्याकडे असेलच. संक्रांतीच्या आत ये.

तुझी आजी
हस्ताक्षर माधवीचे


एडिसन
८ डिसेंबर १९९९

ती. आजी,

हे पत्र माधवीच वाचणार हे मला माहीत आहे. माधवी, तुझ्यापुढे लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत, म्हणून तुझ्याबद्दल काही लिहीत नाही.

आजी, तुझं पत्र आल्यावर दोन दिवस झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज केला. बारा जानेवारीचं तिकीट बघितलं, तेरा तारखेला रात्री हैदराबादला, म्हणजे संक्रांतीला सकाळी तुझ्या हातचा तिळगूळ. तुला सोबत घेऊनच परत यायचं असं मनाशी धरलं. इथे एक खोली रिकामी आहे, तिला पूर्वेची खिडकी आहे. तू तिथे बसून सगळ्या शेजाऱ्यांची नक्कल करशील आणि त्यांना एक अक्षर कळणार नाही, हे डोळ्यांपुढे आलं. थंडीसाठी तुला एक लोकरीचा कोट बघून ठेवला. गडद जांभळा, तुला आवडेल.

पान २

पण मग शांतपणे विचार केला. ते जमणार नाही, आजी. मी येत नाही, आणि तुला इकडे आणणंही शक्य नाही. गौरीने स्पष्ट सांगितलं आहे, आणि तिचंही चुकत नाही. रजेचा अर्ज मागे घेतला. परभणीजवळ वृद्धांसाठी एक चांगली संस्था आहे असं इथल्या एका मित्राने सांगितलं, तिथे मी सगळं बोलून ठेवतो. फेब्रुवारीत त्यांचा माणूस तुला न्यायला येईल. तिथे तुझ्या वयाच्या बायका असतील, करमेल.

माधवी, हे आजीला हळू सांग. तुला जमतं तसं. तेवढं माझ्यासाठी कर.

हेमंत


हैदराबाद
३० डिसेंबर १९९९

चि. हेमंत,

मी म्हणत होते की तू हलकट. आज तो शब्द परत घेते. माधवीला सांगितलं, मागच्या पत्रातला तो शब्द खोड. ती म्हणाली, ते पत्र कधीच गेलं आजी, आणि ते मी लिहिलेलंही नव्हतं. राहू दे. तू मनात खोड.

तुझं पत्र तिने मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम वाचायला लावलं, तिच्या तोंडून ऐकायला. एरवी तुझ्या अक्षराला अडखळते, या वेळी पाण्यासारखं वाचलं. कोट जांभळा कशाला घेतलास, वेडा हौला कुठला, मी विधवा बाई. पण घेतलास तर आण.

बिऱ्हाड आवरायला घेतलं आहे. पितळेची भांडी वरच्या मीनाबाईला दिली. ती तेलुगू बोलते, मी मराठी, तरी आमचं भांडण नीट होतं. घरमालकाला निरोप दिला की चौदा तारखेनंतर खोल्या रिकाम्या. नक्को नक्को म्हणत होता, मग भाडेकरूही शोधला त्याने. चावडीवरच्या सगळ्यांना सांगितलं. एक म्हणाली, विमानात चुकाल. मी म्हटलं, नातू घ्यायला येतोय, मी का चुकेन.

हिचं झालं बरं का. फ्लॉपी दिली चौदा तारखेला, पसंत पडली, तीन जानेवारीपासून नोकरी. पेढा आणला. मी खाल्ला. मी म्हटलं, माझ्या नातवाने दोन नावं ठेवून घेतली म्हणून तू शिकलीस, नाहीतर आयती यादी मिळून तशीच राहिली असतीस. तिने मान हलवली. उद्या जाते हॉस्टेलवर. जाताना वाकून नमस्कार करणार म्हणे. बघू.

मी चौदाला पहाटेपासून दारात बसेन. वेळेवर ये.

तुझी आजी
हस्ताक्षर माधवीचे

ता. क.

वरचं सगळं आजींनी सांगितलं तसं उतरवलं आहे. इथून खाली माझं.

तुमच्या पत्राचं पहिलं पान मी त्यांना वाचून दाखवलं. दुसरं दाखवलं नाही. त्या विचारत होत्या, विमान किती वाजता उतरतं. मी म्हटलं, वेळ पत्रात लिहिलेली नाही.

दोन वेळचा डबा मीनाबाईंकडे सांगितला आहे, डोळ्यांच्या थेंबांचंही. त्यांना मराठी वाचता येत नाही. नामदेवराव अजून नाशिकलाच आहेत. हे पत्र तुमच्याकडे बारा दिवसांनी पोहोचेल, म्हणजे तुम्ही तिकीट बघितलं होतं त्याच सुमारास.

हळू सांग असं तुम्ही लिहिलं होतं. दुसरं पान या पाकिटात परत पाठवते आहे. इथे ते वाचणारं आता कोणी नाही.

माधवी